साउथ कॅरोलायनातील मृत्युदंड आणि औषधाची गोपनीयता

नाना: शर्वरी, तुझ्या राज्यात, अमेरिकेतील साउथ कॅरोलायनात, ७ मार्च २०२५ रोजी ब्रॅड सिगमनला गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. प्राणघातक इंजेक्शन असताना बंदूक कशासाठी?

शर्वरी: नाना, सगळा वाद इंजेक्शनच्या औषधापासूनच सुरू झाला. या इंजेक्शनात वापरले जाणारे थायोपेंटाल हे भुलीचे औषध बनवणाऱ्या अमेरिकेतील एकमेव कंपनीने २०११ मध्ये उत्पादन थांबवले, युरोपीय संघाने निर्यातीवर निर्बंध घातले, आणि त्या टंचाईत नेब्रास्का राज्याने ते औषध चक्क मुंबईतील एका कंपनीकडून मागवले. टीका झाल्यावर त्या कंपनीने तुरुंगांना विक्री बंद केली. साउथ कॅरोलायनात तेरा वर्षे एकाही मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली नाही. त्या काळातच, २०२१ मध्ये, विधिमंडळाने विद्युत खुर्ची ही कैद्याने दुसरी न निवडल्यास वापरायची पद्धत ठरवून गोळीबाराचा पर्याय जोडला. २०२३ मध्ये पुरवठादाराचे नाव गुप्त ठेवणारा कायदा झाला आणि काही महिन्यांतच औषध मिळाले.

आत्या: सिगमनने त्याच्या माजी प्रेयसीच्या आईवडिलांना बॅटने मारून ठार केले होते. त्याला मरणाची पद्धत निवडू दिली, हे पुरेसे नाही का?

शर्वरी: आत्या, त्याचा गुन्हा भयंकरच होता आणि त्या कुटुंबाचे दुःख मी कमी लेखत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये तिन्ही पद्धती वैध ठरवताना निवडीच्या या मुभेवरच भर दिला. परंतु औषधाविषयी पुरेशी माहिती मिळाली नाही म्हणून त्याने गोळीबार निवडला, असे त्याच्या वकिलांनी सांगितले. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या बकल्यू निकालानुसार एखादी पद्धत क्रूर आहे असे म्हणणाऱ्या कैद्यालाच तिच्याहून कमी वेदनेचा, प्रत्यक्षात शक्य असलेला पर्याय दाखवावा लागतो. पुरावा द्यायची जबाबदारी कैद्यावर आणि पुराव्याची कागदपत्रे सरकारच्या कुलपात, हा मला उघड अन्याय वाटतो.

नाना: आपल्याकडे १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत वैध ठरवली. तिच्याऐवजी इंजेक्शनसारखी पद्धत असावी, अशी याचिका २०१७ मध्ये दाखल झाली. मी तिच्या बाजूचा आहे.

शर्वरी: मग नाना, औषध कोण पुरवणार, ते कोण टोचणार आणि शवविच्छेदनाचा अहवाल लोकांना पाहायला मिळणार का, हे तीन प्रश्न कायदा बदलण्याआधीच विचारायला हवेत. इथे ते विचारायला फार उशीर झाला.