बुबुळावरचा थर खरवडायचा की थेंबांवरच थांबायचं?

जळगावची_आई
माझा मुलगा ९ वर्षांचा. त्याचे चार उन्हाळे डोळे चोळण्यात गेले. डॉक्टर डोळ्यांच्या या ॲलर्जीला व्हर्नल म्हणतात, आमच्या घरात 'उन्हाळी डोळे'. सकाळी चिपड निघायची ती दोऱ्यासारखी, कापसाने धरून ओढली की लांबच लांब येणारी. या मार्चमध्ये उजवा डोळा उघडेचना. डॉक्टरांनी वरची पापणी उलटवून दाखवली, तर आत गोटे बसवल्यासारख्या गाठी. खाली बुबुळावर जखम आणि तिच्यावर पांढरा थर. सहा आठवडे नुसते थेंब चालले, थर तसाच. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन तो खरवडला आणि वर गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या आवरणाचा पातळ पापुद्रा लावला. दोन आठवड्यांत जखम भरली. मागे धूसर डाग राहिला आहे. माझं ठाम म्हणणं आहे की 'ऑपरेशन अगदी शेवटी' या हट्टाने मुलांच्या डोळ्यात फूल पडतं.

चष्मेतपासनीस
ताई, जखम भरली हे वाचून बरं वाटलं. पण सरसकट असं सांगू नका, वाचणारे आईबाप उद्या गाठी कापून घ्यायला निघतील. मी रोज अशी मुलं पाहतो. गाठी काढल्या आणि आतली सूज तशीच राहिली, तर त्या पुन्हा येतात. कापलेल्या जागी व्रण मात्र कायमचा. हा आजार बहुतेक मुलांमध्ये वयात येताना आपोआप शमतो. तोवर सूज आवरायला सायक्लोस्पोरिनचे थेंब, ०.०३ टक्क्यांचं टॅक्रोलिमस मलम, थंड पाण्याच्या पट्ट्या. मलम सुरुवातीला झोंबतं म्हणून लोक आठवड्यात सोडतात, तिथेच घोळ होतो.

सोलापूरकर_काका
थेंब म्हणजे बिनधोक, हेच मला पटत नाही. माझ्या पुतण्याला स्टिरॉइडचे थेंब लिहून दिले होते दोन आठवड्यांसाठी. खाज थांबली म्हणून घरचे दुकानातून तीच बाटली आणत राहिले, चिठ्ठी कुणी मागितली नाही. अडीच वर्षं. डोळ्याचा दाब एकदाही मोजला नाही. काचबिंदू कळला तेव्हा एका डोळ्याची कडेची नजर गेली होती, ती परत येत नाही. पोरगा आता डाव्या बाजूने येणाऱ्या सायकलला धडकतो. कापण्याची भीती सगळ्यांना असते, बाटलीची कुणालाच नाही.

चष्मेतपासनीस
काका, तुमचं दुःख खरं आहे. पण तो चिठ्ठीविना विकलेल्या स्टिरॉइडचा दोष. मी सांगतोय ती औषधं दाब वाढवत नाहीत, स्टिरॉइड कमी करता यावं म्हणूनच ती देतात.

निवासी_डॉक्टर
ताई आणि चष्मेतपासनीस, तुम्ही दोघं दोन वेगळ्या ऑपरेशनांबद्दल भांडताय. बुबुळावरच्या या जखमेला आम्ही ढालीचा व्रण म्हणतो. कॅमेरॉन या नेत्रतज्ज्ञांनी १९९५ मध्ये तिच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत तळ स्वच्छ असतो, ती बहुधा औषधाने भरते. दुसरीत तळाशी साका बसतो, तिसरीत थर वर उचललेला दिसतो. ॲलर्जीच्या पेशींतून सुटलेली विषारी प्रथिनं आणि चिकट स्राव मिळून तो थर होतो. त्यावर नवी त्वचा चढू शकत नाही, म्हणून तो काढावा लागतो. पापणीच्या गाठी कापणं ही फार निवडक मुलांची गोष्ट. त्याआधी पापणीच्या आतून स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बघतात, आणि त्यानंतरही दाब मोजावाच लागतो.

चष्मेतपासनीस
थराबद्दल मान्य. गाठींबद्दल माझं मत तेच. खरवडून झाल्यावर औषध थांबवणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

जळगावची_आई
दादा, मलम चालूच आहे. गाठी आम्ही कापल्या नाहीत, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण सहा आठवडे थर दिसत असताना वाट पाहिली, ते मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. एवढ्या वयात डोळा झाकला गेला की तो आळशी होतो असं म्हणतात. आता रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून त्याला वाचायला बसवते. काल त्याने पुस्तक नाकाला न टेकवता एक पान पूर्ण वाचलं.

सोलापूरकर_काका
ताई, दर भेटीला दाब मोजून घ्या. इंजेक्शन झालं तर नक्कीच.