भोकं बुजवली तर मॅनहोलचा वास घरात शिरला, आता काय करायचं?

पहिला_मजला
पुण्याच्या उपनगरात चौकाला लागून आमची सोसायटी. चौकातल्या मॅनहोलमधून सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पहाटे गॅलरीत उभं राहवत नाही, दुपारी मात्र पत्ताही नसतो. चांदीची निरांजनं घासून ठेवली की चार दिवसांत काळी. तक्रार केली की माणूस येऊन ब्लीचिंग पावडर टाकून जातो. शेवटी आम्हीच झाकणाची भोकं सिमेंटने बुजवली, तर आता तळमजल्यावरच्या बाथरूममधून वास येतोय. प्लंबर म्हणतो, सगळे नहाणी ट्रॅप बदला. बदलावेत का?

निवृत्त_ड्रेनेजवाला
ट्रॅपना हात लावू नका. आधी ते सिमेंट काढायला लावा. लाइनमध्ये पाणी वाढलं की वरची हवा कुठूनतरी बाहेर पडणारच. रस्त्यावरची वाट तुम्ही बंद केलीत, तिने तुमच्या चेंबरची धरली. वास अडवायला ट्रॅपच्या वाकड्या भागात पाणी असतं, तेही जेमतेम 50 मिलिमीटर. दाब वाढला की वायू त्यातून बुडबुडे काढत वर येतो, ट्रॅप नवा असो की जुना.

चांदीचं सांगितलंत ते फार बरं केलंत. नुसत्या कुजक्या वासाने चांदी काळवंडत नाही. हा हायड्रोजन सल्फाइड आहे. पाण्यात सल्फेट असतंच, आणि प्राणवायू संपला की पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरातले जिवाणू त्यापासून सल्फाइड बनवतात. आता पहाटेची वेळ जोडून बघा. चौकाच्या वरच्या अंगाला पंपिंग स्टेशन आहे का?

पहिला_मजला
आहे! नाल्यापलीकडे. त्याची लाइन चौकाच्या अलीकडच्या चेंबरमध्ये येऊन पडते म्हणतात.

निवृत्त_ड्रेनेजवाला
मग वास तुमच्या चौकात तयार होतच नाही, तिथे फक्त सुटतो. पंपाची लाइन काठोकाठ भरलेली असते, आत हवेला जागा नाही. रात्री पाणी कमी, पंप क्वचित चालतात, मैलापाणी तासन् तास पाइपात पडून आंबतं. पहाटे नळांना पाणी आलं की पंप सुरू होतो आणि रात्रीचं सगळं शिळं पाणी चेंबरमध्ये धबाधबा कोसळतं. विरघळलेला वायू तिथे सुटतो, सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा. तिथल्या पावडरीचा काय उपयोग? दोन मिनिटांत वाहून जाते.

त्या चेंबरची वरची बाजूही तपासायला सांगा. हाच वायू ओल्या छताला लागला की दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. काँक्रीटचा पांढरट लगदा होतो, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर दह्यासारखा निघतो. वासाची तक्रार फायलीत पडून राहते, पण रस्ता खचेल म्हटलं की साहेब जागेवर येतात. (खात्यातला अनुभव, दुसरं काय!)

तिसरी_गल्ली
आमच्याकडे रस्तारुंदीत लोखंडी व्हेंट पाइप उपटून टाकले, त्यानंतरच वास सुरू झाला. याचा संबंध असेल का काका?

निवृत्त_ड्रेनेजवाला
असणारच. ते खांब वायू घरांच्या वर नेऊन सोडायलाच असतात. दक्षिण मुंबईत जुने बिडाचे अजून दिसतात, लोक त्यांना दिव्याचे खांब समजतात. पण पहिला_मजला यांच्याकडे नुसता व्हेंट उभारला तर वास तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत जाईल. त्यावर कार्बन फिल्टर हवा, आणि फिल्टरमधला कोळसा वेळच्या वेळी बदलायला हवा. नेमकं तेच कोणी करत नाही.

पहिला_मजला
साहेब, मग अर्जात मागायचं काय?

निवृत्त_ड्रेनेजवाला
आधी झाकणाखाली गॅस लॉगर (वायूचं प्रमाण वेळेसकट नोंदवणारं यंत्र) आठवडाभर टांगायला सांगा आणि पंपाचं लॉगबुक मागा. पंप सुरू झाल्याची वेळ आणि वायू उसळल्याची वेळ जुळली की वाद मिटला. मग रात्री पंप थोडा थोडा पण वारंवार चालवून बघायचा. याला जवळपास खर्च नाही, म्हणून हे पहिलं. पाणी वरून कोसळू नये म्हणून लाइनचं तोंड चेंबरच्या तळाशी, पाण्याखाली न्यायचं. एवढ्याने भागलं नाही तर पंपिंग स्टेशनवरच कॅल्शियम नायट्रेटचा डोस. जिवाणूंना नायट्रेट मिळालं की ते सल्फेटकडे वळत नाहीत. लोहाचं क्लोराइडही चालतं, ते सल्फाइडला बांधून काळा गाळ करतं. डोस पंपापाशीच हवा. चौकात टाकाल तर वरातीमागून घोडं.

आणि खाजगी माणूस बोलावून चेंबरमध्ये उतरवू नका, हात जोडून सांगतो. या वायूचं प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला असं वाटतं आणि माणूस आणखी आत जातो. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, आणि सोसायटीने उतरवलं तर जबाबदार सोसायटीच.

पहिला_मजला
उद्या सिमेंट काढून घेतो. तोवर तळमजल्यावर काय करू?

निवृत्त_ड्रेनेजवाला
रिकाम्या फ्लॅटच्या ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर गोडेतेल, म्हणजे लवकर सुकणार नाही. गच्चीवरच्या व्हेंटच्या तोंडात कबुतरांनी काड्या भरल्यात का तेही बघा. लॉगरचा आलेख मिळाला की इथे टाका.