हिस्टिडीनवरचा फॉस्फेट दिसतच नाही, कुठे जातोय?

पाषाणकर: नमस्कार मंडळी, पुण्यात पीएचडी करतोय, बॅक्टेरियातल्या एका हिस्टिडीन कायनेजवर (हिस्टिडीन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) काम चालू आहे. एटीपी (फॉस्फेट देणारा रेणू) घातलं की हे प्रोटीन स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं, पण वेस्टर्न ब्लॉटला (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन अँटीबॉडीने ओळखायचं) बँड नाही आणि मास स्पेकमध्येही (रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) काही सापडलं नाही. सॅम्पल नेहमीसारखंच, लोडिंग बफर घालून ९५ डिग्रीला पाच मिनिटं. गाइड म्हणतात एन्झाइमच डेड आहे, मला पटत नाहीये. कोणी केलंय का हे?

जेलवाली_औंध: अहो उकळू नका! सेरीन-थ्रिओनीन या अमिनो ॲसिडवरचा फॉस्फेट उकळून टिकतो, हिस्टिडीनवरचा टिकत नाही, तो नायट्रोजनला जोडलेला असतो आणि उष्णता नि ॲसिड दोन्हीला लगेच सुटतो. नेहमीच्या स्टॅकिंग जेलचा पीएच ६.८, तो बदलून ८.८ करा, लोडिंग बफरही ८.८ चाच, न उकळता लोड करायचं आणि रन, ट्रान्सफर सगळं कोल्ड रूममध्ये. मे महिन्यात तर बाहेर चालवूच नका, आपल्याकडे एसी बंद पडला की रूम टेंपरेचर म्हणजे काय होतं माहितीये ना. ब्लॉकिंगला (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) दूध नको, दुधातल्या केसीन प्रोटीनवर आधीच फॉस्फेट असतो, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

आणि एक लेन मुद्दाम मारलेली ठेवाच, म्हणजे त्याच सॅम्पलला ॲसिड घालून ९५ला पंधरा मिनिटं. तिथे बँड गेला आणि शेजारी राहिला तरच गाइडना ठामपणे सांगता येईल की हा हिस्टिडीनचाच.

अँटीबॉडी कुठली आहे तेही बघा. फॉस्फेट हिस्टिडीनच्या रिंगच्या १ नंबरच्या नायट्रोजनवर बसतो किंवा ३ नंबरच्या, आणि २०१५ साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमधून आलेल्या मोनोक्लोनल अँटीबॉडी दोन्हींसाठी वेगवेगळ्या आहेत. हिस्टिडीन कायनेजला सहसा ३ वाली लागते.

स्पेक्ट्रमवाला: ताईंनी जेलचं सांगितलंच, पण मास स्पेकची नेहमीची तयारी पण सगळी ॲसिडमध्येच असते, टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड), फॉर्मिक ॲसिड, टायटेनियम डायऑक्साइडचं एनरिचमेंटसुद्धा (फॉस्फेटवाले पेप्टाइड वेचून घेणं), त्यामुळे मशीनपर्यंत पोचेस्तोवर बरंच गेलेलं असतं. पीएच ६ च्या आसपास स्ट्राँग ॲनायन एक्सचेंजवर (चार्जवरून वेगळं करणारा कॉलम) वेगळं करा आणि फॉर्मिकमध्ये गेल्यावर सॅम्पल ताटकळत ठेवू नका, लगेच इंजेक्ट. फ्रॅगमेंटेशन (मशीनमध्ये पेप्टाइड तोडणं) फक्त सीआयडीने, म्हणजे गॅसशी टक्कर देऊन, केलं तर फॉस्फेट आधी गळतो, ८० किंवा ९८ डाल्टनचा लॉस दिसतो आणि जागा कळत नाही, शिवाय कधीकधी तो गॅस फेजमध्येच दुसऱ्या अमिनो ॲसिडवर उडी मारतो, म्हणजे चुकीची साइट मिळते आणि ती खरी वाटते, हे मला जास्त धोक्याचं वाटतं. ईटीडी (इलेक्ट्रॉन देऊन तोडणं) असेल तर तेच मागा, त्यात पेप्टाइडची मुख्य साखळी तुटते पण फॉस्फेट बहुतेक जागेवर राहतो, फक्त पेप्टाइडवर चार्ज ३ किंवा जास्त हवा.

पाषाणकर: मनापासून आभार दोघांचे. पुढे रिस्पॉन्स रेग्युलेटरच्या (कायनेजकडून फॉस्फेट घेणारं प्रोटीन) ॲस्पार्टेट या अमिनो ॲसिडवरचा फॉस्फेट पण बघायचाय, त्याला हाच पीएच ८.८ वाला उपाय चालेल का?

जेलवाली_औंध: नाही, तो अल्कलीतही तुटतो, न्यूट्रलच्या जवळ आणि थंडच ठेवायचा. फॉस-टॅग जेल (फॉस्फेटला धरून ठेवणारा रेणू घातलेलं) लावा, फॉस्फेटवालं प्रोटीन मागे राहतं आणि दोन बँड दिसतात, अँटीबॉडी लागतच नाही. जेल ओतल्या दिवशीच वापरा आणि तेही कोल्ड रूममध्ये.