मदत हवी आहे: राजा दहा वर्षांचा, पण गोष्ट मोठ्यांच्याच हातात जाते

नमस्कार मंडळी,

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक अद्भुत साहसकथा लिहिते आहे. अर्धी झाली आणि गाडी अडली.

राज्य काल्पनिक, सह्याद्रीसारख्या डोंगरातलं. राजा मल्हार, वय दहा. वडिलांचा खून झाल्यावर घाईघाईनं गादीवर बसवलेला. चुलता घाटाखाली फौज घेऊन बसलाय. गडावर आई, म्हातारे कारभारी, किल्लेदार. आणि राखणदार! कोकणात, गोव्यात मानतात तसा, रात्री खांद्यावर घोंगडी टाकून, काठी आपटत शीव फिरणारा.

अडचण अशी, की संकट आलं की ते कारभारी निस्तरतात, नाहीतर राखणदार. मल्हार नुसता इकडून तिकडे नेला जातो. इतिहासात तरी वेगळं काय दिसतं? पेशवे नारायणरावांचा खून 1773 चा. त्यांचा मुलगा सवाई माधवराव पुढच्या वर्षी पुरंदरावर जन्मला आणि अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, तह झाले, लढाया झाल्या, आणि ज्याच्या नावानं हे सगळं चाललं ते मूल पाळण्यात. कारभार नाना फडणीस आणि बारभाईंचा, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाचा. खरं आहे, पण दहा वर्षांचा वाचक पाळण्यातल्या मुलाबरोबर कुठे जाणार?

पोरानं पट्टा फिरवून गारदी (भाडोत्री शिपाई) लोळवलेले मला नकोत. ‘हाच तो, ज्याच्या जन्माचं भाकीत होतं’ हेही नको. कारभाऱ्यांना मूर्ख ठरवून मुलाला हुशार दाखवणं तर अजिबात नको, ती माणसं मला आवडतात. मग मल्हारच्या हातात द्यायचं काय? शिवाय सुरुवातीचा खून या वयाला कितपत दाखवावा?

प्रतिसाद

ताई, सवाई माधवरावांपेक्षा शाहू महाराजांकडे बघा. 1689 मध्ये रायगडाला वेढा पडला तेव्हा ते सात वर्षांचे. येसूबाईंनी राजाराम महाराजांना गडाबाहेर पाठवलं आणि स्वतः मुलासह मागं राहिल्या. गड पडला, दोघं मोगलांच्या कैदेत गेली. औरंगजेबानं त्या मुलाला मारलं नाही, उलट मनसब, म्हणजे दरबारातला मानाचा हुद्दा दिला. कारण नाव उपयोगाचं होतं. शाहूंची सुटका थेट 1707 मध्ये, बादशहा गेल्यावर.

यातून तुमच्या कथेला एक गोष्ट घेता येईल. चुलत्याला मल्हार मेलेला नको, जिवंत हवा. का? तर राखणदार फक्त गादीवरच्या माणसाचं ऐकतो, तो माणूस केवढा का असेना. एवढा एक नियम घाला. मग कारभाऱ्यांनाही पोराला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही, आणि तेही शहाणेच राहतील. मल्हार ‘नाही’ म्हणाला की सगळा गड थांबेल. दहा वर्षांच्या मुलाला याहून मोठी ताकद कुठली हवी?

आणि राखणदार शीव ओलांडत नाही, हे सोडू नका. पुढचं साहस शिवेपलीकडे न्या.

प्रतिसाद

वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते, त्या अनुभवावरून सांगते. खून पडद्याआड ठेवा, पण लपवू नका. मुलं रक्ताबद्दल फार विचारत नाहीत. रात्री त्याच्याजवळ कोण झोपायचं, त्याचं जेवण आधी कोण चाखायचं, वडिलांच्या घोड्याचं काय झालं, हे हमखास विचारतात. त्याची उत्तरं तयार ठेवा, भीती आपोआप पोचते.

राज्याभिषेकही घाईतलाच दाखवा. इंग्लंडचा तिसरा हेन्री 1216 मध्ये नऊ वर्षांचा असताना ग्लॉस्टरला गादीवर बसला, तेव्हा लंडन शत्रूच्या ताब्यात होतं. राजमुकुट हाताशी नव्हता म्हणून आईचा सोन्याचा अलंकार डोक्यावर ठेवून वेळ भागवली. मी हे सांगितलं की मुलं एकदम सावरून बसतात. मल्हारच्या डोक्यावरही नीट न बसणारं काहीतरी ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘जिवंत हवा’ हे वाचलं आणि चुलता पहिल्यांदा नीट दिसला. तो आता मारेकरी पाठवणार नाही, मायेनं पत्रं पाठवेल. मल्हारला ती वाचावीशी वाटतील, कारण चुलत्याचं अक्षर वडिलांसारखं आहे. कारभारी पत्रं लपवतील आणि तिथेच पोराचा त्यांच्यावरचा विश्वास उडेल. मग शिवेबाहेर तो स्वतःच्या पायांनी जाईल, कुणी न्यायला नको.

आता दोन विनंत्या. दक्षिण कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुणी राखणदाराला, वेतोबाला (हाही गावाची राखण करणारा देव) चपला वाहताना पाहिलं असेल, तर सांगा: चपला कोण करतं, कधी वाहतात, झिजलेल्या जोडाचं पुढे काय करतात? मल्हारनं वाहिलेला जोड एका रात्रीत झिजला, असा प्रसंग लिहायचाय आणि त्यात रीत चुकवायची नाही. दुसरं, कुणाच्या घरी दहा-बारा वर्षांचं वाचणारं मूल असेल आणि पहिली तीन प्रकरणं वाचून ‘इथे कंटाळा आला’ असं स्पष्ट सांगायला तयार असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या आठवड्यात पाठवते.