नव्या शिक्षकाला पाण्यात ढकलून द्यायचं का?

खडूधूळ:
परवा एका ग्रुपवर वाचलं, की नव्या शिक्षकांचे नसते लाड चाललेत, मार्गदर्शक काय नि कमी तास काय, पाण्यात ढकला, पोहायला आपोआप येतं, आम्हाला कोणी शिकवलं होतं? खाली सगळे माना डोलावतायत. दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत.

अहो, जे बुडाले ते सांगायला येत नाहीत, तरले तेच पोस्टी लिहितात. अमेरिकेत रिचर्ड इंगरसॉल नावाचे संशोधक वर्षानुवर्षं याचा हिशोब मांडतायत, त्यांच्या आकडेवारीत पहिल्या ५ वर्षांत ४४ टक्क्यांच्या आसपास नवे शिक्षक पेशाच सोडतात. आणि शिक्षक एकटा बुडत नाही, त्याच्याबरोबर अख्खा वर्ग गटांगळ्या खातो. माझ्या पहिल्या वर्षी जी तुकडी कोणालाच नको होती ती मला दिली, वर सगळ्यात जास्त तास, कारण मी नवीन, नाही म्हणणार नाही. रात्री उशिरापर्यंत टाचण काढायचं, सकाळी शाळेचं गेट दिसलं की पोटात गोळा. स्टाफरूममध्ये कोणी विचारलंच कसं चाललंय, तर म्हणायचं छान चाललंय. त्या मुलांना अपूर्णांक मी धड शिकवू शकले नाही, हे आजही टोचतं मला.

जुनाफळा:
ती पोस्ट माझी नाही, पण पटते. २६ वर्षं शिकवतोय. मार्गदर्शक योजना म्हणजे दर महिन्याला फॉर्म, दोघांच्या सह्या, संपलं. शिकवणं हातात बसतं ते तासावर तास घेऊनच, तास कमी केले तर सराव कधी होणार? आणि जुने लोक मदत करत नाहीत हे मी ऐकून घेणार नाही. आमच्या शेजारच्या वर्गावर नवीन बाई आहेत, गोंगाट वाढला की मी माझा तास सोडून जातो, दारात उभं राहून एक आवाज दिला की वर्ग चिडीचूप. कोणी सांगितलेलं नाही, स्वतःहून करतो.

गणितवाली:
सर, राग आला तरी चालेल, पण ही मदत नाहीये. माझ्या पहिल्या वर्षी शेजारचे सर असेच यायचे. महिन्याभरात वर्गात जरा आवाज झाला की पहिल्या बाकावरचा मुलगा उठून विचारायचा, बाई, सरांना बोलावू का? त्याने बिचाऱ्याने चांगल्या मनाने विचारलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. त्या दिवसानंतर तो वर्ग माझा राहिलाच नाही, सरांचा झाला, मी फक्त सर येईपर्यंत उभी असायचे.

आणि ओरडण्याने काही होत नाही हे काय मी एकटी म्हणत नाहीये. जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं शूटिंग करून करून १९७० मध्येच दाखवलंय, की दंगा झाल्यावर शिक्षक कसा रागावतो यावर वर्ग ताब्यात राहणं ठरत नाही, दंगा व्हायच्या आधी त्याचं लक्ष कुठे कुठे असतं आणि एका कामातून दुसऱ्या कामात तो मुलांना किती अलगद नेतो त्यावर ठरतं. हे दारातून कसं शिकवणार तुम्ही?

टाचणवही:
तुमचं चालू द्या, पण खरा रोग कागद आहे. नव्या माणसाला शिकवायला वेळच कुठे मिळतो, माहिती भरा, रजिस्टर भरा, तीच माहिती परत दुसऱ्या नमुन्यात भरा. वह्या तपासायच्या राहतात नि रकाने पूर्ण असतात. आधी हे बंद करा मग मार्गदर्शकाचं बोला.

जुनाफळा:
टाचणवहींशी १०० टक्के सहमत. पण गणितवाली मॅडम, तुम्ही मला न ओळखता खलनायक करून टाकलंत. शेजारचा वर्ग डोक्यावर घेतलेला असताना मी काय कानात बोळे घालून बसू? माझ्याही ४० मुलांना ऐकू येत नाही तेव्हा.

गणितवाली:
ऐकू येत नाही म्हणून जाता, मग तसं सांगा ना. बाईंसाठी जातो म्हणू नका.

मधलीसुट्टी:
मी सध्या दुसऱ्या वर्षात आहे म्हणून बोलतो. माझा मार्गदर्शक आहे, माणूस चांगला आहे, पण मला कायम करायचं की नाही त्याचा अहवालही तेच लिहितात. मग अडलेलं त्यांना कसं सांगू? ते बघायला येणार म्हटलं की मी झालेलाच धडा परत घेतो, मुलं धडाधड हात वर करतात, शेरा उत्तम. अडलेलं तसंच राहतं.

खरी मदत झाली ती एका मॅडमची, त्या नुसत्या मागच्या बाकावर बसल्या. नंतर एकच गोष्ट म्हणाल्या, प्रश्न विचारलास की मनात तीन आकडे मोज, तू उत्तर स्वतःच देऊन टाकतोस. दुसऱ्याच दिवशी, कधीच न बोलणारी एक मुलगी बोलली. नंतर कळलं की मेरी बड रो या संशोधक बाईंनी हे ७०च्या दशकातच मोजलंय, शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरंही लांब येतात.

खडूधूळ:
अगदी हेच! इंग्लंडमध्ये २०२१ पासून हे दोन माणसांत वाटलंय, मदत करणारा वेगळा आणि मूल्यमापन करणारा वेगळा. शिवाय नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी १० टक्के तास कमी, दुसऱ्या वर्षी ५ टक्के. तिकडेही कामाच्या ओझ्याची ओरड आहे, सगळं गोड नाही, पण घाबरत घाबरत का होईना विचारायला एक माणूस आहे.

जुनाफळा: (दोन दिवसांनी)
बरं. दारातून ओरडणं बंद केलंय. काल त्या बाईंना म्हटलं, माझ्या तासाला येऊन बसा. आल्या. तास संपल्यावर विचारलं, सर, वह्या काढा म्हटल्यावर तुम्ही एकदम गप्प का उभे राहता? मी गप्प उभा राहतो हे मलाच माहीत नव्हतं. बोलता बोलता मधली सुट्टी संपली. तेव्हा मागे बसण्याचा मुद्दा मान्य. अहवालाचाही मान्य. पण कमी तासांचं अजिबात पटलेलं नाही, अवघड तुकडी देऊ नका एकवेळ, तास पूर्णच हवेत.

खडूधूळ:
सर, त्या बाई तुमच्या तासाला बसल्या तेव्हा त्यांच्या वर्गावर कोण होतं? ऑफ तास असणार ना त्यांचा? तोच एक रिकामा तास मागतेय मी.