कानासाठी लिहिणं कुठे शिकणार?
"पत्रकारिता वर्गात शिकता येत नाही, सरळ एखाद्या पेपरात उमेदवारी करावी" हे छापील बातमीपुरतं मला बरंचसं पटतं. पोलीस ठाण्याच्या आणि महापालिकेच्या चकरा मारूनच वार्ताहर घडतो. पण रेडिओचं काय? आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःचं बातमीपत्र देता येत नाही, फक्त आकाशवाणीचं जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे उमेदवारीच्या जागाच मोजक्या.

मी कानासाठी लिहायला शिकले ते पत्रकारिता विभागाच्या स्टुडिओतच. पहिलीच बातमी पाणीकपातीची होती. "धरणातील उपयुक्त पाणीसाठ्यात झालेली घट लक्षात घेता..." एवढं वाचलं आणि क्रियापदाआधीच सरांनी हात वर केला. "पाणी कधी येणार नाही, ते आधी सांग." मग वाक्य झालं, "गुरुवारी पाणी येणार नाही." कारण त्याच्यामागून. "27.35 टक्के"चं झालं "पाव धरणाहून थोडं जास्त". पेपर वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. हे मला पेपरात कुणी शिकवलं नसतं. अशा विभागात प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढं जरूर विचारा, की स्टुडिओ रोज वापरायला मिळतो की पाहुण्यांना दाखवायलाच उघडतात.