विषय: कोलाड राफ्टिंग, आगाऊ रक्कम शुक्रवारपर्यंत

प्रेषक: सहल समिती, म्युनिक

मंडळी, नमस्कार.

ऑगस्टच्या सुट्टीत जे पुण्यात असतील त्यांच्यासाठी कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग ठरवतोय. रविवारी पहाटे कोथरूडहून निघायचं, ताम्हिणीमार्गे जायचं, संध्याकाळी घरी. पूर्ण रक्कम शुक्रवारपर्यंत भरावी. आयोजकांच्या अटीप्रमाणे पैसे परत मिळत नाहीत; बेत रद्द झाला तर सहा महिन्यांत वापरायचं व्हाउचर देतात. जागा थोड्या आहेत, तेव्हा फार विचार करत बसू नका!

प्रेषक: पुण्याला परतलेला जुना सभासद

समितीस नमस्कार. विचार करत बसलो, माफी असावी.

तुमची परतीची तिकिटं सप्टेंबरची आणि व्हाउचर सहा महिन्यांचं. म्हणजे शेवटी ते आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांच्या गळ्यात. ते एक असो, पण माझी खरी हरकत वेगळी आहे. पैसे बुडणार हे माहीत असलं की माणूस पाण्यात उतरतोच. दमा आहे हे सांगत नाही, आदल्या रात्रीचा ताप सांगत नाही, तेराचा मुलगा पंधराचा म्हणून लिहितो. घाटात समोरचं दिसेनासा पाऊस लागला तरी गाडी परत वळवायला कोणी धजत नाही, कारण मागे बसलेल्या सगळ्यांचे पैसे अडकलेले. म्हणून पैसे परत देण्याची अट आधी नीट करून घ्या. माझ्या मते सुरक्षेची सुरुवात तिथूनच होते.

कुंडलिकेवर बेत रद्द होण्याची दोन अगदी उलटी कारणं असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एरवी मुळेतून, भीमेतून उजनीकडे गेलं असतं ते मुळशी धरणातलं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवतात. (सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध.) भिऱ्याचं केंद्र १९२७ पासून चालू आहे. वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि त्याच्यावर राफ्ट चालते. म्हणून तर कोलाडला भर उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं. पाणी सुटलं नाही तर मात्र राफ्ट दगडांवर टेकते आणि सगळे काठावर पोहे खात बसतात. पाणी साधारण सकाळी सुटतं. तुम्हाला पहाटे अंधारात निघायला सांगतात ते त्यासाठी. उशिरा पोचलात तर नदी तुमच्यासाठी थांबत नाही.

ऑगस्टमध्ये याच्या उलट होऊ शकतं. ताम्हिणीचा भाग राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. सोडलेल्या पाण्यात डोंगराचं पाणी मिसळलं की कालची नदी आज राहत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघाला असेल तर जायचंच नाही. नदी आणि कोलाड रायगड जिल्ह्यात, मुळशीकडचा रस्ता पुणे जिल्ह्यात, तेव्हा दोन्हीकडचे आदेश बघावे लागतात. पाणी कमी असो वा जास्त, आयोजकाने पूर्ण रक्कम खात्यात परत करावी, हे लेखी घ्या.

प्रेषक: एक सभासद, ऑग्सबुर्ग

काका, तुमचा मुद्दा पटला, पण जरा जास्तच घाबरवताय असं नाही वाटत? प्रवाहाच्या अवघडपणात कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची नदी, म्हणजे फार अवघड नाही. आमची पोरं इथे १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या आइसकनाल या कालव्याच्या पाण्याजवळ वाढली आहेत. आणि तिकडे फॉर्मवर सही केल्यावर आपल्या हातात काय उरतं?

प्रेषक: पुण्याला परतलेला जुना सभासद

बांधलेल्या कालव्यात पाणी किती सोडायचं ते माणूस ठरवतो. इथे काठाला झाडं आहेत. पूर वाढला की फांद्या पाण्याखाली जातात. पाणी त्यांच्यातून आरपार निघून जातं, माणूस अडकतो. शिवाय श्रेणी ठरते ती पाण्याच्या ठराविक पातळीला. पुरात तीच नदी दुसऱ्या श्रेणीची राहत नाही.

सही करायला हरकत नाही. जोखीम समजली एवढंच त्यातून दिसतं, आयोजकाच्या निष्काळजीपणाला माफी मिळत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागायची सोय आहे. पण कोर्टकचेरीपर्यंत जायचंय कशाला? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्राचा फोटो मागवा आणि त्यावर जलक्रीडेचा उल्लेख आहे का ते बघा. सोबत बचावाची कयाक (छोटी होडी) असते का, प्रत्येक राफ्टवर फेकायचा दोर असतो का, आणि आज उतरायचं नाही हे ठरवतं कोण, तेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘ऑफिसला विचारून सांगतो’ असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा. तो निर्णय नदीकाठी उभ्या असलेल्या मुख्य गाइडचाच हवा.

प्रेषक: डॉक्टर ताई, म्युनिक

काकांच्या म्हणण्यात दोन-चार गोष्टींची भर. गरोदर असाल, हृदयविकार असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर येऊ नका. खांदा एकदा निखळला असेल तरीही नको. वल्हं मारताना तो पुन्हा निखळतो. दम्याचा पंप गाइडकडे वॉटरप्रूफ पिशवीत द्या. आदल्या रात्री दारू नको, हे मोठ्यांसाठी!

लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पट्टे आवळायचे राहिलेत. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायांची बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा प्रयत्न करू नका: पाय दगडात अडकला की प्रवाह माणसाला पालथा पाडतो. दोर फेकला तर दोरच धरा, तो ज्या पिशवीत भरलेला असतो ती पिशवी नाही.

आणि परदेशी प्रवासाच्या विम्यातून साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात. आपापल्या विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

प्रेषक: सहल समिती, म्युनिक

मंडळी, आयोजकांशी बोलणं झालं. पाणी सुटलं नाही, सरकारी बंदी आली किंवा गाइडने नाही म्हटलं, तर पूर्ण रक्कम खात्यात परत करायचं त्यांनी मेलवर मान्य केलंय. नोंदणीचं प्रमाणपत्रही पाठवलं. आजारपणाने कोणी ऐनवेळी गळालं तर मात्र पैसे द्यायला ते तयार नाहीत. ती रक्कम मंडळाच्या सहल निधीतून द्यायची असं काल समितीने ठरवलं, म्हणजे कोणाला काही लपवायची गरज नाही. सकाळी काठावर पोचल्यावर मन बदललं तरी चालेल, कारण विचारणार नाही.

चौदा वर्षांखालच्यांना आयोजक घेत नाहीत. त्या मुलांची सोय पुण्यात आजी-आजोबांकडे करावी. चष्मेवाल्यांनी चष्म्याला दोरी लावून आणावी.

पैसे भरण्याची मुदत पुढच्या बुधवारपर्यंत वाढवली आहे. फॉर्ममध्ये मुलांची जन्मतारीख कृपया पासपोर्टवरचीच लिहावी.